बांधातून गेलेली लाईन

मिठागरातल्या गावाला इंटरनेट कशाला, हा प्रश्न मला पहिल्यांदा एका पुढाऱ्याने विचारला, आणि तोही माझ्याच खुर्चीत बसून. मी डबा खायला मागच्या खोलीत गेले होते. परत आले तर भाऊशेठ माझ्या जागी बसलेले, बाजूला त्यांची दोन माणसं, आणि आमच्या शिपायाने सगळ्यांना चहासुद्धा दिलेला.

“या मॅडम, बसा,” भाऊशेठ म्हणाले.

मी उभीच राहिले.

“ते खारेपाटासाठी छोटं एक्स्चेंज आलंय म्हणे. कांदळखारला लावताय?”

“अजून ठरलं नाही.”

“मग मी सांगतो ना. आमच्या नाक्यावर लावा. हायवे आहे, जागा माझी, वर्दळ आहे. कांदळखारात कोण करणार इंटरनेट? निवट्या?”

निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे. बाजूची दोन माणसं पोटभर हसली. मी म्हटलं, “निवट्यांनी अर्ज भरले तर त्यांनाही कनेक्शन देऊ. नियम सगळ्यांना एकच आहे.” मग मी फाईल उचलायच्या निमित्ताने टेबलाच्या त्या बाजूला गेले आणि ते उठेपर्यंत तिथेच उभी राहिले. खुर्ची परत मिळवायला मला साधारण दहा मिनिटं लागली. एक्स्चेंजसाठी वर्ष लागलं.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतलं. मी टेलिफोन खात्यात ज्युनियर इंजिनियर होते, आधी रोह्याला आणि मग पेणला. माहेर रोह्याकडचं, भाताच्या शेतीतलं. खाडीशी माझा संबंध बाजारात जिताडा मासा घेण्यापुरता. ते महत्त्वाचं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आमचं काम बाहेरच्यांना नीट माहीत नसतं. लोकांना वाटतं, तार ओढली की फोन लागला. तारेत दोन धागे असतात, त्यांना आम्ही जोडी म्हणतो. प्रत्येक घराची जोडी वेगळी, आणि ती एक्स्चेंजपासून घरापर्यंत अखंड लागते. मधे एक सांधा गंजला, पाणी शिरलं, झाडाची फांदी घासली की संपलं. रेल्वेच्या रुळालगतच्या जिते गावातल्या एका बाईंची तक्रार होती की त्यांचा फोन फक्त गाडी जाताना चालतो. आमच्या ऑफिसात तो विनोदच झाला होता. कोणी उशिरा आला की “गाडी गेली वाटतं” म्हणायचे. शेवटी मी स्वतः जाऊन बसले. रोह्याकडची गाडी धडधडत गेली आणि खरंच रिसीव्हरमध्ये टोन आला. गाडी लांब गेली, टोन गेला. खांबावरच्या डबीत जोडीचं एक टोक सुटलं होतं, खांब हादरला की ते स्क्रूला टेकायचं. दोन मिनिटांचं काम. त्या बाईंनी चार महिने गाड्यांच्या वेळा बघून बहिणीला फोन केले होते. मी म्हटलं, “आता केव्हाही करा.” त्या म्हणाल्या, “बहीण गाडीच्या वेळेलाच फोनजवळ बसते हो. तिला आधी कळवायला पाहिजे.”

कोलाडच्या एका हॉटेलवाल्याने फोन लाकडी पेटीत कुलपात ठेवला होता आणि वर तक्रार होती की घंटी ऐकू येत नाही. पेटी उघडून दाखवली तरी त्याचं म्हणणं, घंटी मोठी बसवा. असे लोक रोज भेटायचे. त्यांच्यामुळे नोकरी कंटाळवाणी झाली नाही.

इंटरनेट आलं तेव्हा हे सगळं अवघड झालं. कारण असं: फोनवर बोलताना घरघर झाली तर माणसाचा कान ती गाळून टाकतो. “काय? परत सांग,” म्हणतो. कॉम्प्युटर आणि फोन यांच्यामध्ये जो मोडेम नावाचा डबा असतो तो गाळत नाही. घरघर आली की तो लाईन सोडून देतो. म्हणून ज्या दूरच्या गावांना रेडिओवरून, म्हणजे तारेशिवाय, एक-एक फोन दिला होता, तिथे बोलणं कसंबसं व्हायचं, पण इंटरनेटचं नाव नको. इंटरनेट हवं तर जवळ एक्स्चेंज हवं, आणि तिथपर्यंत जमिनीतून चांगली केबल हवी. केबल कुठून न्यायची यात मग सगळं राजकारण येतं, कारण जमीन कोणाची ना कोणाची असतेच.

त्या वर्षी खारेपाटाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, आमच्या भागासाठी एकच छोटं एक्स्चेंज मंजूर झालं होतं. दोन कपाटांएवढं यंत्र, पण आजूबाजूच्या पाच-सहा गावांना पुरणारं. ते कुठे बसवायचं हे अर्जांवर ठरायचं. भाऊशेठच्या नाक्यावर निम्म्या लोकांकडे पेणहून ओढलेल्या लाईन आधीच होत्या. कांदळखारात रेडिओवरचा एक फोन होता, तो भरतीच्या वेळी बंद पडायचा. का, ते कोणालाच कळलं नाही.

भाऊशेठ येऊन गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात यमुनाबाई आल्या. कांदळखारची सरपंचपदाची जागा पहिल्यांदाच बाईसाठी राखीव झाली होती आणि त्या निवडून आल्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, मिठागरात काम करून पावलं फुटलेली. नऊवारी नीट नेसलेली. बरोबर नवरा होता, तो बाहेर बाकावर बसला. इतर गावांत उलटं असायचं. नवरा आत येऊन बोलायचा आणि सरपंचबाई बाहेर.

त्यांनी पिशवीतून अर्जांचा गठ्ठा काढला. लागतात त्यापेक्षा जास्त होते, आणि सगळ्यांची अनामत भरल्याच्या पावत्या टाचलेल्या.

“मोजून घ्या मॅडम. एक पण खोटा नाय.”

“एवढे फोन घेऊन करणार काय?” मी विचारलं. विचारायला हवं होतं, कारण मोठमोठे गठ्ठे आणून नंतर पैसे परत मागणारी गावं मी बघितली होती.

“फोन बोलाया. आनी इंटरनेट. रोह्याच्या कंपनीनं आमच्या शालेला कॉम्प्युटर दिलाय. प्लास्टिक घालून ठेवलाय, गणपतीसारखा. पोरी लांबून बघतात नि जातात. मी ग्रामसभेत बोललंय, पावसाआधी यो चालू करीन. नाय केला तर ते माजी खुर्ची काढतील. सात मेंबर हायत, त्यातलं पाच भाऊशेठच्या ताटातलं.”

एवढं सगळं त्यांनी एका श्वासात सांगितलं आणि वर म्हणाल्या, “खुर्चीचा नाय वाटत. पन मी गेलंय की म्हनतील, बाई आली नि कायच झाला नाय. मग पुढच्या बाईला कोन उभा करंल?”

मी अर्ज मोजले आणि कांदळखारचं नाव वर पाठवलं. त्यात उपकार काही नव्हता. आकडे त्यांच्या बाजूने होते. साहेबांनी सही केली, पण अट घातली. पावसाळ्यापूर्वी केबल जमिनीत गेली नाही तर यंत्र नाक्यावर जाईल. साहेबांना भाऊशेठचाही फोन गेला होता, हे उघड होतं.

आता केबल. कांदळखारला जायचा रस्ता भाऊशेठच्या मिठागरातून जातो. रस्त्याकडेला खणायची परवानगी त्यांनी नाकारली. नाकारली असंही नाही. “बघू, वकिलाला विचारतो,” असं तीन महिने सांगितलं. दुसरी वाट एकच होती, गावाच्या बांधावरून. खारेपाटात हा बांध म्हणजे मातीची लांबच लांब भिंत. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती. बांध फुटला तर त्याला खांड पडली म्हणतात. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही. गावाने ग्रामसभेत ठराव केला: बांधातून केबल न्यायला हरकत नाही. ठरावावर सगळ्यांच्या सह्या होत्या. तारीख नव्हती. मी ठरावाला माझी तारीख जोडली आणि ठेकेदाराला काम दिलं.

ही माझी चूक. आयुष्यात केलेल्या चुकांत हिचा नंबर बराच वर लागतो.

खाडीचं पाणी रोज चढतं-उतरतं एवढं मला माहीत होतं. अमावास्या-पुनवेला उधाण येतं तेव्हा ते किती चढतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग असतो तेव्हा किती शांत असतं, हे खारेपाटातल्या शेंबड्या पोराला कळतं. बांधाला कुदळ लावायची ती भांगातच, हा तिथला नियम इतका जुना की तो कागदावर लिहावा असं कोणाला वाटलं नाही. मॅडमना माहीत असेलच, असं त्यांनी धरलं. गावाने हरकत नाही म्हटलंय, म्हणजे केव्हाही खणा, असं मी धरलं. माझ्या टेबलावर सरकारी कॅलेंडर होतं. त्यावर तिथी होत्या, पण बारीक अक्षरात.

ठेकेदाराच्या माणसांनी अमावास्येच्या तोंडावर खणायला घेतलं. ते घाटावरचे, त्यांनाही खाडी माहीत नव्हती. अमावास्येला भर दुपारी मी कामावर गेले तर ती माणसं पळताना दिसली. चर जिथे सर्वांत खोल गेला होता तिथून पाणी शेतात घुसत होतं. आधी मनगटाएवढी धार, मग बघता बघता दारातून यावं तसं.

कोणीतरी आरोळी दिली आणि गाव आलं. पळापळ नाही, गोंधळ नाही. घरटी एक माणूस, हातात घमेलं किंवा पाटी. रांग लागली आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे यायला लागले. यमुनाबाई कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून गोळे दाबत होत्या. मी वर उभी राहून “पोती आणा, पोती आणा” असं काहीतरी ओरडत होते. त्यांनी वर बघितलं.

“मॅडम, ओरडू नका. खाली या.”

“मी?”

“ज्यानी बांध उघडला त्यानी तो मिटंपर्यंत बांधावरना हलाचा नाय. आमचा नियम हाय. साहेब असूंदे नायतर शेठ.”

मी चपला काढल्या आणि उतरले. साडी कॉटनची होती, तिचं पुढे पोतेरं झालं. शेजारी एक म्हातारी होती. माझे गोळे बघून ती म्हणाली, “लाडू वलतंस काय गो? मोठा घे.” मी मोठे घेतले. माझा लाईनमन धोंडू कोलाडचा, पोट सुटलेला, तोसुद्धा तक्रार न करता उतरला. दोन तासांनी ओहोटी लागली आणि खांड बुजली. पाणी शेताच्या एका कोपऱ्यात शिरलं होतं, पण लगेच बाहेर काढता आलं. नशीब थोर, नाहीतर हे मी कोणत्या तोंडाने लिहिलं असतं.

संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बैठक बसली. भाऊशेठचा भाचा काशिनाथ ग्रामपंचायतीत मेंबर होता. तो तयारीनेच उभा राहिला. “सांगितला होता मी. वायरीपायी गाव बुडवाल. आता अविश्वास ठराव येल, आनी त्यावर पाच सह्या हायत.”

चूक माझी आहे, सरपंचांची नाही, असं मी उभं राहून सांगितलं. तारीख मी घातली, तिथी बघितली नाही. सरकारी माणसाने चूक कबूल केल्यावर पुढे काय करायचं याची कोणाला सवय नव्हती. ठेकेदार तर त्याच दुपारी निघून गेला होता. आता मजूर नाहीत, पावसाला दोन महिने, आणि यंत्र नाक्यावर जाणार हे मला दिसत होतं.

मग ती म्हातारी, जिने माझ्या लाडवांना नावं ठेवली होती, म्हणाली, “बांध कोनाचा हाय?”

“गावाचा,” कोणीतरी म्हणालं.

“गावाचा मंजी? माजा वाटा चिंचंपासना उघाडीपर्यंत. तुजा कुठना?”

उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. मला तेव्हा कळलं की बांध सगळ्यांचा मिळून नसतो. प्रत्येक घराला बांधाचा ठरलेला तुकडा असतो, आणि तो राखायची जबाबदारी त्या घराची. पिढ्यान्‌पिढ्या. म्हातारीचं म्हणणं सरळ होतं. ज्याने त्याने आपापला वाटा भांगात खणायचा, केबल टाकायची, त्याच दिवशी बुजवायचा. बाहेरच्याने कुदळ लावायची नाही.

यमुनाबाई माझ्याकडे वळल्या. “चालंल?”

नियमात बसतंय की नाही हे मला माहीत नव्हतं. “चालेल,” मी म्हटलं.

अष्टमीला सकाळी मी आणि धोंडू केबलचं ड्रम घेऊन बांधाच्या टोकाला उभे होतो. ड्रम फिरायला लागलं आणि केबल खांद्यावरून खांद्यावर पुढे सरकत गेली. प्रत्येक घर आपल्या तुकड्यावर. एक हात खोल, तळाला रेती, वर विटा, वर माती, आणि माती पायाने तुडवून घट्ट. धोंडू सांधे भरत पुढे जात होता. ठेकेदाराने जे महिन्याचं काम सांगितलं होतं ते तीन दिवसांत झालं. इतकी नीट पुरलेली केबल मी सगळ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही. ज्याला दर पावसाळ्यात त्या बांधाच्या आड झोपायचं असतं तो माती हलक्या हाताने टाकत नाही. काशिनाथचा वाटाही मध्येच होता. तो स्वतः आला नाही, पण त्याची बायको आणि मुलगी आल्या आणि शेजाऱ्यांच्या आधी चर बुजवून मोकळ्या झाल्या.

ठेक्याशिवाय काम करून घेतल्याबद्दल मला खुलासा मागणारं पत्र आलं. तक्रार कोणी केली ते विचारायची गरज नव्हती. मी उत्तर दिलं की ग्रामस्थांनी त्यांच्या बांधाची डागडुजी केली, त्या वेळी आमची केबल योगायोगाने तिथे होती. साहेबांनी ते दोनदा वाचलं. “योगायोगाने?” म्हणाले. मी म्हटलं, “तीन दिवस.” त्यांनी फाईल बंद केली.

इथे एक गोष्ट लिहायला हवी. याच काळात पेणच्या वरच्या अंगाला डोंगरातली एक वाडी माझ्याच यादीत होती. तिथे भांडायला यमुनाबाई नव्हती आणि अडवायला भाऊशेठही नव्हता. मी तिथे रेडिओचा फोन दिला, कागदावर गाव जोडलं गेलं आणि मी पुढे निघाले. तो फोन कधीच धड चालला नाही. ज्या गावासाठी कोणी भांडत नाही त्याची फाईल फार लवकर बंद होते. ती माझ्या हातानेच बंद झाली, हे मला चांगलं आठवतं.

कांदळखारचं एक्स्चेंज शाळेच्याच एका खोलीत बसवलं, कारण गावातलं सर्वांत उंच जोतं शाळेचं. पलीकडच्या खोलीत कॉम्प्युटर. मधे फक्त एक भिंत, त्यामुळे लाईन अशी स्वच्छ की मोडेमने पहिल्याच फटक्यात किंचाळून, खरखरून लाईन पकडली. “मांजर कापताय काय?” यमुनाबाईंनी घाबरून विचारलं. ते चालवायला सगळ्यांत आधी शिकली ती काशिनाथची मुलगी मनीषा. तिची दहावीची परीक्षा झाली होती आणि हात रिकामे होते.

तरीही अविश्वास ठराव आलाच. सह्या झालेल्या होत्या, तहसीलदारांनी जूनमधली सभेची तारीख काढली. त्या वर्षी दहावीचा निकाल इंटरनेटवरही बघायला मिळणार असं पेपरात आलं होतं, आणि निकाल नेमका त्याच दिवशी लागला. हे कोणी जुळवून आणलं नव्हतं. पुढे भाऊशेठनी माझ्यावर तोही आरोप केला, पण परीक्षा मंडळ माझ्या हातात असतं तर मी दुसरंही बरंच काही केलं असतं.

सकाळी दहापासून पाच गावांची पोरं शाळेच्या अंगणात. पेणला जाऊन यायचं म्हणजे दिवस जायचा. ती सगळी चिखल तुडवत कांदळखारला आली होती. अकराला लाईट गेली. एक्स्चेंजला विजेसाठी डिझेलचं इंजिन असतं, पण ते फक्त एक्स्चेंजसाठी. मी इंजिन चालू केलं आणि खिडकीतून वायर पलीकडच्या खोलीत टाकली. धोंडूने विचारलं, “मॅडम, हे नियमात...?” मी म्हटलं, “धर ती वायर.”

अंगणाच्या पलीकडे पंचायतीच्या खोलीत सभा सुरू झाली होती. मनीषा एकेक नंबर घालून निकाल वहीच्या कागदावर लिहून देत होती. इंटरनेट तेव्हा गोगलगाईच्या चालीने चालायचं, एकेका पोराला पाच-पाच मिनिटं. मध्येच अंगणात आरडाओरडा व्हायचा, कोणीतरी पास झालेलं असायचं. दर आरोळीला सभेतला एकेक मेंबर खिडकीशी येऊन मान बाहेर काढायचा. एकाचा पुतण्या होता, एकाची भाची. मग एक जण “आलोच” म्हणून उठला. मग दुसरा. तहसीलदार टेबलावर पेन आपटत बसले. शेवटी काशिनाथही आला, गर्दीतून वाट काढत मुलीच्या मागे उभा राहिला. मनीषाने स्वतःचा नंबर सगळ्यांत शेवटी ठेवला होता. बाप आलेला बघून तिने तो घातला, पाच मिनिटं वाट बघितली आणि कागदावर सगळे गुण लिहून कागद त्याच्या हातात दिला. फर्स्ट क्लास. तो कागद घेऊन परत गेला.

मी पंचायतीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेरच्या माणसाला तिथे काही काम नव्हतं, पण मला कोणी हटकलं नाही. सातही मेंबर परत येऊन बसले होते. यमुनाबाई समोर, हात मांडीवर ठेवून, सरळ.

“ठरावाच्या बाजूने हात वर करा,” तहसीलदार म्हणाले.

दोन हात वर झाले. तहसीलदारांनी काशिनाथकडे बघितलं.

“ठराव तुम्हीच मांडलाय ना?”

“व्हय साहेब.”

“मग हात?”

काशिनाथने दोन्ही हातांनी तो वहीचा कागद धरला होता. ओला होऊ नये म्हणून छातीशी. “हात मोकले नायत, साहेब,” तो म्हणाला.

तहसीलदारांनी दुसऱ्या कोणाचा हात वर येतोय का ते बघितलं. मग ठराव नामंजूर असं लिहून रजिस्टर पुढे सरकवलं. यमुनाबाईंनी पेन घेतलं.

“सही कुठं करू? बिगीनं सांगा साहेब. शालेत अजून चालीस पोरा उभी हायत, नि इंजिनातला डिझेल संपत आलाय.”